निरोप कुठवर जाईल?

तुमच्या मोबाइलमध्ये गॅसवाल्याचा नंबर आहे. त्याच्याकडे तुमचा आहे? बहुधा नाही. म्हणजे ही ओळख एकेरी रस्त्यासारखी. निरोप इकडून तिकडे जाईल, उलटा यायचा नाही.

आता कागदावर दहा लाख वस्तीचं एक शहर वसवू. कुणाकडे कुणाचा नंबर, हे इथे निव्वळ योगायोगाने ठरतं. कुणाकडे तीन असतात, कुणाकडे एकही नाही. सरासरी माणशी 0.9. तुम्ही एक अफवा सोडलीत आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने ती आपल्याकडच्या सगळ्या नंबरांवर पुढे ढकलली. ती किती जणांपर्यंत जाईल? सरासरी दहा, तेही तुम्हाला धरून!

सरासरी 1.1 करा. पाच माणसांमागे फक्त एक नंबर वाढला. आता अफवा एक तर थोडक्या लोकांतच विझते, नाही तर थेट 1,76,000 जणांच्या तोंडी होते. मधलं जवळजवळ काही नाहीच. सगळी किमया 1 या आकड्याची. ऐकणारा सरासरी एकाहून कमी जणांना सांगत असेल तर प्रत्येक फेरीत अफवा रोडावते, जास्त जणांना सांगत असेल तर फुगत जाते.

गंमत पुढेच आहे. अफवा पेटण्याची शक्यताही 17.6 टक्केच! का? प्रत्येक नंबर म्हणजे एक बाण समजा, ज्याच्याकडे तो आहे त्याच्यापासून ज्याचा आहे त्याच्याकडे. आता सगळे बाण उलटे फिरवा, शहर त्याच जातीचं राहतं. म्हणून दूरवर पोहोचवण्याची शक्यता आणि दुरून पोहोचलं जाण्याची शक्यता सारखीच.

मग ज्यांचा निरोप एकमेकांपर्यंत दोन्हीकडून जातो, असे किती? त्यांना दोन्ही परीक्षा पास व्हाव्या लागतात, म्हणून गुणाकार: जेमतेम 3 टक्के. सरासरी 1.5 केली की हाच गाभा 34 टक्क्यांवर! रिचर्ड कार्प यांनी 1990 मध्ये अशा एकेरी जाळ्यांचं गणित मांडलं.

वेबवरची लिंकही एकेरीच, नाही का? पण वेब काही फाशांनी विणलेलं नाही. 1999 मध्ये अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनने टिपलेली वीस कोटींहून जास्त पानं संशोधकांनी तपासली, तेव्हा जाळं बो-टायसारखं दिसलं. मध्ये 5.6 कोटी पानांची गाठ, दोन्ही बाजूंना सुमारे 4.4 कोटींचे पंख. एका पंखातून गाठीत शिरता येतं, पण परतता येत नाही; दुसऱ्यात गाठीतून उतरता येतं, वर चढता येत नाही. कुठलीही दोन पानं उचला. पहिल्यावरून दुसऱ्यावर क्लिक करत पोहोचण्याची वाट शंभरातल्या फक्त 24 वेळा सापडायची.