सुबॅन गेला, वेबर आला
लेखमाला : मैदान आणि गॅलरी – लेखांक ६

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे बर्फावरच्या हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा, ज्या नियमांवर चालते त्यांत खेळाडूचा करार चालू असताना क्लब त्याला परस्पर दुसऱ्या क्लबाकडे धाडू शकतो. तसे करण्यासाठी खेळाडूची संमती सर्वसाधारणपणे लागत नाही, आणि कराराची मुदत, पगार, अटी हे सगळे जसेच्या तसे नव्या क्लबाच्या माथी येते. या व्यवहाराला 'ट्रेड' म्हणतात. युरोपीय फुटबॉलमध्ये क्लब पैसे मोजून खेळाडू घेतो. इथे मात्र खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा नवोदितांच्या वार्षिक निवडीतले हक्क द्यावे लागतात. त्यामुळे 'आमचा खेळाडू का सोडला?' या प्रेक्षकांच्या प्रश्नाला इथे नेहमी दुसरी बाजू असते, आणि ती बाजू म्हणजे बदल्यात आलेला हाडामांसाचा माणूस. वाद इतके टोकदार होतात आणि इतकी वर्षे चालतात, त्याचे मूळ या तुलनेत आहे.

अशा वादाचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण माँट्रियलचे आहे. २९ जून २०१६ रोजी माँट्रियल कॅनेडियन्सने आपला बचावपटू पी. के. सुबॅन नॅशव्हिल प्रेडेटर्सला दिला आणि त्यांचा कर्णधार, बचावपटू शे वेबर घेतला. एकास एक, मध्ये पैसा नाही, तिसरा खेळाडू नाही, निवडीचा हक्कही नाही. त्याच दुपारी, तासाभराच्या आत, एडमंटनने आपला आघाडीचा खेळाडू टेलर हॉलला न्यू जर्सीकडे पाठवले आणि बदल्यात अॅडम लार्सन घेतला, म्हणून तो दिवस या खेळाच्या चाहत्यांच्या बोलण्यात आजही येतो. पण माँट्रियलमधला संताप वेगळ्या जातीचा होता, आणि तो समजून घेण्यासाठी आधी हे दोन खेळाडू समजून घ्यावे लागतात.

आईस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात : एक गोलरक्षक, तीन आघाडीचे आणि दोन बचावपटू. बचावपटूचे काम नावाप्रमाणे केवळ अडवण्याचे नसते. आपल्या गोलजवळ मिळालेली पक, म्हणजे रबराची ती चपटी चकती, विरोधकांच्या घोळक्यातून बाहेर काढून पुढे नेणे हे त्याचे तितकेच मोठे काम असते. सुबॅन हे काम स्वतः स्केटिंग करत, वेग आणि वळणे यांच्या जोरावर, प्रेक्षकांचा श्वास रोखून धरायला लावील अशा धाडसाने करी. २०१३ मध्ये त्याला नॉरिस करंडक मिळाला, जो त्या हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूला दिला जातो. वेबर हा दुसऱ्या घडणीचा : धिप्पाड, अबोल, जागा न सोडणारा, आणि ज्याचा फटका अडवायला गोलरक्षकही बिचकत असा. २०१५ च्या ऑल-स्टार कौशल्यस्पर्धेत त्याचा फटका ताशी १०८.५ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर, इतक्या वेगाने मोजला गेला, आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये जर्मनीविरुद्ध त्याने मारलेली पक गोलचे जाळे भेदून पलीकडे गेली, तेव्हा गोल झाला हे ठरवण्यासाठी पंचांना चित्रफीत पाहावी लागली. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये दोघेही कॅनडाच्या सुवर्णविजेत्या संघात होते. वेबर त्या संघाच्या बचावाचा कणा होता, तर सुबॅनला अवघा एक सामना खेळायला मिळाला. वेबरच्या बाजूने बोलणारे चाहते या गोष्टीचा दाखला आवर्जून देत असत.

माँट्रियलचे तेव्हाचे प्रशिक्षक मिशेल तेरियाँ आणि सुबॅन यांच्यातला ताण लपून राहिलेला नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोलोराडोविरुद्धच्या सामन्यात, बरोबरी असताना, विरोधी टोकाला पक खेळवताना सुबॅनचा पाय घसरला, पक निसटली आणि तिकडून झालेल्या चढाईत माँट्रियलवर गोल झाला. तेरियाँ यांनी त्याला उरलेला वेळ बाकावर बसवले आणि सामन्यानंतर पत्रकारांपुढे त्या चुकीवर पराभवाचे खापर फोडले. त्या हंगामात संघाची घसरण झाली याचे उघड कारण दुसरेच होते. पहिले नऊ सामने सलग जिंकलेला हा संघ गोलरक्षक कॅरी प्राइस दुखापतीमुळे केवळ बारा सामने खेळू शकल्याने कोसळला आणि बाद फेरीलाही पात्र ठरला नाही. तरीही बोट दाखवले गेले ते पाय घसरलेल्या बचावपटूकडे, आणि हा अन्याय चाहत्यांच्या मनात सलत राहिला.

आता हिशेबाची बाजू. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात बुडाल्यानंतर लीगने 'सॅलरी कॅप' आणली, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा घातली. आयपीएलच्या लिलावात फ्रँचायझीच्या पर्सला जशी मर्यादा असते तशीच ही आहे, फरक इतकाच की इथे ती बहुवर्षीय करारांवर लागू होते. २०१६-१७ साठी ही मर्यादा ७ कोटी ३० लाख डॉलर होती. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षे असा जो सरासरी आकडा निघतो, तो दर वर्षी या मर्यादेत मोजला जातो आणि त्याला 'कॅप हिट' म्हणतात. सुबॅनचा करार आठ वर्षांचा, ७ कोटी २० लाखांचा, म्हणून त्याचा हिट ९० लाख. वेबरचा करार चौदा वर्षांचा, ११ कोटींचा, म्हणून हिट सुमारे ७८ लाख ५७ हजार. वरवर पाहता माँट्रियलची दर वर्षी अकरा लाखांहून अधिक बचत होत होती, आणि निर्णयाचे समर्थन करणारे चाहते हाच आकडा पुढे करीत. पण सुबॅन सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचा करार २०२२ मध्ये संपणार होता. वेबर एकतिशीला टेकलेला होता आणि त्याचा करार २०२६ पर्यंत, म्हणजे त्याने चाळिशी गाठेपर्यंत, चालणार होता. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने वेबरला 'ऑफर शीट' दिली होती, म्हणजे नॅशव्हिलने तेवढीच रक्कम मान्य केली नाही तर खेळाडू आमचा, असा कायदेशीर प्रस्ताव ठेवला होता. नॅशव्हिलने नाइलाजाने तो मान्य केला आणि बहुतांश पैसा सुरुवातीच्या वर्षांत देणारा तो अवाढव्य करार जन्माला आला. त्याचे लांबलचक शेपूट माँट्रियलने आपखुशीने स्वतःला जोडून घेतले.

तारखेलाही अर्थ होता. सुबॅनच्या करारात 'नो-मूव्हमेंट' अट होती, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नव्हते, आणि ती अट १ जुलै २०१६ पासून लागू होणार होती. व्यवहार झाला तो दोन दिवस आधी. व्यवस्थापक मार्क बेर्जेव्हँ यांनी निर्णय अत्यंत कठीण होता असे सांगून वेबरच्या नेतृत्वगुणांवर भर दिला, तथापि दार बंद होण्याच्या बेतात असताना केलेला हा सौदा शांतपणे तोलून केलेला होता, हे पटवून देणे त्यांना शेवटपर्यंत जड गेले.

चाहत्यांच्या चर्चेत आकडेवारीवर विसंबणारा एक नवा वर्गही या वेळी ठामपणे उतरला. एखादा खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोलच्या दिशेने मारलेले सर्व फटके, मग ते अडवले गेलेले असोत वा बाहेर गेलेले, मोजायचे आणि त्यांतून विरोधकांचे फटके वजा करायचे, या पद्धतीला बफेलो संघाचे एकेकाळचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्यावरून 'कॉर्सी' हे नाव पडले आहे. यामागचे तर्कशास्त्र सोपे आहे : गोल क्वचित होतात आणि त्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो, तर फटक्यांची संख्या पक कोणाकडे अधिक काळ होती हे जास्त विश्वासार्हपणे सांगते. या मोजपट्टीवर सुबॅन असताना माँट्रियलचे पारडे जड राहत असे, आणि वेबरच्या बाबतीत अलीकडच्या वर्षांत तसे दिसत नव्हते. जुन्या वळणाचे चाहते यावर म्हणत की लॉकर रूममधला, म्हणजे खेळाडूंच्या खोलीतला, वेबरचा दरारा कोणत्याही तक्त्यात मावत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. मात्र तक्त्यात न मावणारे गुण मान्य करायचे, तर ते फक्त वेबरच्याच पदरात का टाकायचे, हा प्रश्न जुन्या वळणाच्या चाहत्यांना टाळता येत नव्हता.

कारण सुबॅनपाशीही असे काही होते, आणि ते फार मोठे होते. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने माँट्रियलच्या बालरुग्णालयासाठी सात वर्षांत १ कोटी डॉलर उभे करण्याची जबाबदारी जाहीरपणे घेतली होती. कॅरिबियनमधून आलेल्या आईवडिलांचा टोरांटोत वाढलेला हा मुलगा. त्याचे वडील कॅनडात आल्यापासून कॅनेडियन्सचेच चाहते. जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या खेळाडूंच्या या खेळात त्याचे मोकळे हसणे, झगमगीत पोशाख आणि गोलनंतरचा जल्लोष हे 'शिस्तीत न बसणारे' ठरवले जात, तेव्हा त्या शिस्तीची व्याख्या कोणी केली, असे अनेक चाहते उघडपणे विचारू लागले. हा प्रश्न विषयाला सोडून आहे असे म्हणणाऱ्यांनी त्याचा प्रतिवाद केला नाही, केवळ तो बाजूला सारला. व्यवहारानंतर शहरातल्या एका डॉक्टरने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन सुबॅनचे आभार मानले. क्लबाचा विचार असा की खेळाडू ही संघाची मालमत्ता. या जाहिरातीमागचा विचार असा की तो शहराचा माणूस.

या शहराच्या स्मरणात जुन्या जखमाही आहेत. योगायोगाने २९ जूनलाच, १९९० मध्ये, कॅनेडियन्सने नॉरिस-विजेता बचावपटू ख्रिस चेलिऑस शिकागोला देऊन वयाने थोडा मोठा डेनी सावार आणला होता. सावारला १९९३ मध्ये माँट्रियलमध्ये स्टॅनली करंडक, म्हणजे लीगच्या विजेत्याचा करंडक, मिळाला खरा, पण चेलिऑस त्यानंतर आणखी दोनदा नॉरिस जिंकला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळत राहिला. २ डिसेंबर १९९५ ला डेट्रॉइटविरुद्ध नऊ गोल होईपर्यंत गोलरक्षक पॅट्रिक रुआला मैदानाबाहेर घेतले गेले नाही, प्रशिक्षकाशी त्याचे जमेना, चार दिवसांत तो कोलोराडोला गेला आणि पुढच्याच जूनमध्ये त्याने तिकडे करंडक उचलला. १९९३ नंतर माँट्रियलला एकदाही करंडक मिळालेला नाही. म्हणून २०१६ ची चर्चा दोन बचावपटूंपुरती राहणे शक्यच नव्हते. प्रशिक्षकाशी खटकलेला तारा घाईघाईने घालवायचा हा प्रकार चाहत्यांनी आधी पाहिलेला होता.

पुढे जे घडले त्याने कोणाचेच समाधान झाले नाही. पहिल्याच हंगामात, २०१७ मध्ये, नॅशव्हिल इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले आणि पिट्सबर्गकडून हरले. तेरियाँ यांना तर त्याच फेब्रुवारीत पदावरून दूर केले गेले होते. त्या मार्चमध्ये सुबॅन पाहुणा म्हणून माँट्रियलला आला तेव्हा सारे प्रेक्षागृह उभे राहिले आणि त्याला अश्रू आवरले नाहीत. पण २०१९ मध्ये नॅशव्हिलनेही त्याला, मुख्यतः पगारमर्यादेत जागा करण्यासाठी, न्यू जर्सीकडे सोपवले. त्याचा खेळ ओसरत गेला आणि २०२२ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. वेबर २०१८ मध्ये माँट्रियलचा कर्णधार झाला, दुखापतींशी झगडत राहिला आणि २०२१ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेले, जिथे टँपा बेने त्यांना चार सामने विरुद्ध एक असे हरवले. त्या मालिकेचा अखेरचा सामना वेबरचाही शेवटचा ठरला. शरीर साथ देईना, तरी करार जिवंत होता. २०२२ मध्ये माँट्रियलने तो वेगासला दिला, वेगासने पुढच्या वर्षी अॅरिझोनाला, आणि २०२४ मध्ये वेबरची हॉकी हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली तेव्हाही कागदोपत्री त्याचा करार संपलेला नव्हता.

सुबॅन लवकर ओसरला म्हणून २०१६ चे टीकाकार चुकले, असे आज बरेच जण म्हणतात. हे म्हणणे टिकणारे नाही. टीका सुबॅनच्या भविष्याबद्दलची पैज नव्हती. तरुण खेळाडू आणि छोटा करार देऊन प्रौढ खेळाडू आणि दीर्घ करार घेणे हा त्या दिवशी उपलब्ध माहितीवर अधिक धोक्याचा मार्ग होता, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि दुखापतींनी मोडलेल्या वेबरच्या शेवटच्या वर्षांनी ते खोटे पाडलेले नाही. त्याच वेळी टीकाकारांनी वेबरला जसे केवळ एक अवजड करार मानले तेही अन्यायाचे होते. २०२१ च्या वसंतात अंगठा दुखत असताना, दर सामन्यात वीस मिनिटांहून अधिक काळ बर्फावर उतरून त्याने जे केले, ते पाहणाऱ्या कोणालाही नेतृत्व हा पोकळ शब्द वाटला नसेल. दोष दोघांतल्या कोणाचाच नव्हता. एका प्रशिक्षकाला न पेललेल्या खेळाडूचा प्रश्न क्लबाने प्रशिक्षकाच्या बाजूने सोडवला आणि आठ महिन्यांच्या आत त्या प्रशिक्षकालाही घरी पाठवले. माँट्रियलचे चाहते आजही हा विषय निघाला की वेबरचे नाव घेण्याआधी तेरियाँ यांचे घेतात, आणि तसे करण्याला त्यांच्यापाशी सबळ आधार आहे.