दाखल्यावरचे नाव

माजी विद्यार्थिनी आणि तिची शाळा यांचे नाते कागदावर पाहायचे तर शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत ही जाड वही कपाटात जपलेली असते. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जात, जन्मगाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, शाळेत आल्याचा व शाळा सोडल्याचा दिवस अशी एकेक ओळ. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत पाळण्यातले नावही बदलते. रेशनकार्ड, आधार, मतदारयादी यांवर नवे नाव चढते. रजिस्टरातली ओळ तेवढी तशीच राहते. जातीच्या दाखल्यासाठी किंवा नोकरीसाठी प्रवेश-निर्गम उतारा लागला, की ती मुलगी दहा-वीस वर्षांनी पुन्हा शाळेची पायरी चढते, आणि लिपिक रकान्यावरून बोट फिरवत तिचे माहेरचे नाव मोठ्याने वाचतो.

मुलाची शाळा बहुधा त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच राहते. मुलगी सासरी गेली, की शाळा माहेराचा भाग होते. बालविधवांच्या बाबतीत तर माहेर आणि सासर दोन्ही नावापुरतीच उरत. त्यांच्यासाठी शाळा हेच घर कसे झाले, हे पुण्याजवळच्या हिंगण्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

या गोष्टीचे मूळ मुंबईत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले, तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. धोंडो केशव कर्वे यांच्याशी ११ मार्च १८९३ रोजी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजे सर्वांची बाया कर्वे झाली. या लग्नापायी दोघांनी बहिष्कार सोसला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, आश्रम हिंगण्याच्या माळावर आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून कर्वे तिथे पायी जात. ती झोपडी आजही जपून ठेवली आहे.

या आश्रमाला ज्यांनी आपले आयुष्य दिले, त्यांत गोदूबाईंच्या बहिणीचे, पार्वतीबाई आठवले यांचे नाव पहिल्या रांगेत येते. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात मूल होते आणि अक्षरओळख उशिरा झाली. आश्रमात शिकून त्या तिथेच राहिल्या, त्याची व्यवस्था सांभाळू लागल्या आणि संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते, म्हणून परक्या घरांत घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि भाषा शिकली. परतल्या त्या हिंगण्यालाच. «माझी कहाणी» या त्यांच्या आत्मचरित्राइतका शाळा आणि विद्यार्थिनी यांच्या नात्याचा प्रांजळ पुरावा मराठीत क्वचितच सापडेल.

पुढच्या पिढीतल्या बाळूताई खरे हिंगण्यात शिकल्या आणि संस्थेशी जोडलेल्या कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. शिकूनही अविवाहित राहिलेल्या मुलींची घुसमट त्यांनी जवळून पाहिली होती. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने त्यांनी «कळ्यांचे निःश्वास» प्रसिद्ध केले तेव्हा खळबळ उडाली. शाळेने घडवलेली मुलगी त्याच जगाबद्दल परखडपणे लिहिते, हीसुद्धा नात्याची खूणच मानली पाहिजे. ओवाळणी काय ती पैशाचीच असते असे थोडेच आहे!

आणि हिंगण्याने खरोखरच ओवाळणी मागितली. दिवाळीत संस्थेचे कार्यकर्ते घरोघर जाऊन भाऊबीज मागतात. संस्था बहीण, समाज भाऊ. रक्कम छोटी चालते, पण दरवर्षी येणे चुकत नाही. वर्गणी हा शब्द टाळून भाऊबीज म्हटल्याने देणाऱ्यालाही ते आपल्या घरातलेच कार्य वाटते.

पुण्यातच १८८४ साली सुरू झालेल्या हुजूरपागेचे नाते वसतिगृहातून जुळत गेले. इरावती कर्वे सातव्या वर्षी ब्रह्मदेशातून तिथे आल्या. वर्गमैत्रीण शकुंतला परांजपे हिच्या घरी, रँग्लर परांजप्यांकडे, त्यांना पुढे दुसरे घरच मिळाले.

आता पुन्हा केजकडे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. पुण्यासारखी मुलींच्या शिक्षणाची चळवळ इथल्या गावांत उशिरा पोचली. इथे नाते तुटते ते लग्नाआधीच, उसाच्या हंगामात. दिवाळीच्या सुमाराला, हिंगण्याची भाऊबीज निघते त्याच दिवसांत, बीड जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मुलगी बरोबर गेली, तर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते. ती गावात राहावी म्हणून जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात. आईवडील परतेपर्यंत जेवणाची सोय तिथे होते. जी जातेच, तिला शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवून कारखान्याच्या भागातल्या शाळेत बसता येते. हंगाम संपल्यावर ती परतली, की हजेरी पुन्हा गावच्या शाळेत लागते.