पूरक आहार : डब्यावरचा भाव, डब्यातला माल

 

अन्न, औषध नव्हे : ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून विकला जाणारा माल अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २२ खाली येतो. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना लेबलवर सक्तीची. त्यामुळे औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ मधील कमाल दर त्याला लागू नाहीत. एमआरपी कंपनीच ठरवते.

मग प्रोटीन पावडरीसारख्या पूरक आहाराचा भाव कसा ताडायचा? किलोवर नव्हे, प्रोटीनच्या ग्रॅमवर. उदाहरणार्थ, २,००० रुपये किलोच्या पावडरीत ७० टक्के प्रोटीन असेल, तर ग्रॅमला सुमारे २.८६ रुपये पडतात. १,५०० रुपयांच्या पावडरीत ४० टक्केच असेल, तर ३.७५ रुपये. स्वस्त डबा इथे महाग ठरतो.

पण लेबलवरचा आकडा खरा कशावरून? प्रचलित चाचणी नायट्रोजन मोजून प्रोटीनचा अंदाज काढते. ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की आकडा फुगतो. अमिनो आम्लांच्या स्वतंत्र तपासणीत हे उघड होते.

परवाना आहे ना? एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक व्यावसायिकाला परवाना असल्याचे दाखवतो. त्या बॅचची तपासणी झाली, असा त्याचा अर्थ नाही.

दंड : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार १० लाख रुपयांपर्यंत.