ज्याची माहिती त्यानेच कळवावी

२०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. गावाचे नाव बदलले, की शाळेला फलक, शिक्के, दाखल्यांचे छापील नमुने सारेच बदलावे लागते. एकच माहिती जितक्या ठिकाणी उतरवलेली, तितक्या ठिकाणी दुरुस्ती. आणि एखादे ठिकाण नजरेतून निसटतेच. संगणकांच्या जाळ्यातही हीच अडचण येते.

समजा, एका विद्यापीठात शंभर सर्व्हर आहेत आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक वेगळा संगणक आहे. आणखी एक सर्व्हर आला, पण देखरेखीच्या यादीत त्याची नोंद करायची राहून गेली. आता तो बंद पडला, तरी कोणाला पत्ता लागणार नाही. ऐन निकालाच्या दिवशी असे झाले तर?

यावर उपाय काय? २००५ साली ल्यूक केनीज यांनी ‘पपेट’ ही संगणकप्रणाली तयार केली. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली. कोणत्या यंत्रावर कोणत्या फाइली, कोणत्या सेवा असाव्यात, याचे वर्णन आपण लिहून द्यायचे. यंत्र त्याबरहुकूम ठेवण्याचे काम पपेट करते. वर्णनातील अशा प्रत्येक बाबीला ‘रिसोर्स’ म्हणतात.

एरवी रिसोर्स ज्या त्या यंत्रापुरता असतो. पण तो ‘निर्यात’ही करता येतो. नवा सर्व्हर जणू सांगतो, ‘माझा पत्ता हा, माझी तपासणी अशी करा.’ ही सूचना तो स्वतः अमलात आणत नाही. ती ‘पपेटडीबी’ या सामाईक माहितीसाठ्यात जमा होते. देखरेखीचा संगणक तेथून तपासणीच्या सगळ्या सूचना गोळा करतो आणि आपली यादी तयार करतो. शिक्षकांना हे नवे नाही. यू-डायसमध्ये शाळा आपली माहिती स्वतः भरते आणि वरची कार्यालये ती वापरतात, तसेच हे.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. यंत्रे सर्वसाधारणपणे दर ३० मिनिटांनी सूचना तपासतात. त्यामुळे नवी नोंद पोचायला थोडा वेळ लागतो. दोन यंत्रांनी एकाच नावाची नोंद पाठवली, तर गोळा करणाऱ्याचे काम अडते. शिवाय यंत्र मोडीत काढले, तरी त्याची नोंद आपोआप लगेच जात नाही. ते निवृत्त झाल्याचे कळवावे लागते किंवा ठरावीक मुदत संपावी लागते. देखरेखीच्या संगणकावर आधीच लिहिली गेलेली नोंद पुसण्याची व्यवस्था तर वेगळीच करावी लागते.

थोडक्यात, नाव घालण्याची काळजी यंत्रावर सोपवता येते. नाव कमी करण्याची काळजी मात्र आपणच घ्यायची असते.