आवाजात कोरलेला चेहरा

‘एफेक्स ट्विन’ या नावाने संगीत करणाऱ्या रिचर्ड डी. जेम्सची ‘विंडोलिकर’ ही तबकडी १९९९ मध्ये वॉर्प रेकॉर्ड्सने काढली. तिच्यातल्या दुसऱ्या रचनेचं नाव म्हणजे एक लांबलचक गणिती सूत्र. चाहते तिला नुसतं ‘इक्वेशन’ म्हणतात. साडेपाच मिनिटांच्या सुमारास तिच्यात धातू खरवडल्यासारखा कर्कश आवाज येतो. जेमतेम दहा सेकंद. कानाच्या हाती काही लागत नाही. तोच तुकडा संगणकावर स्पेक्ट्रोग्राममध्ये उघडला, की दात विचकून हसणारा चेहरा उमटतो.

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचा आलेख. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो, खालून वर वारंवारता चढते, आवाज जितका मोठा तितका ठिपका उजळ. तंबोरा छेडला तर एकावर एक आडव्या रेघा दिसतात: मूळ वारंवारता, तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. टाळीची एकच उभी रेघ. मींड घेतली की रेघ तिरकी होते.

हाच व्यवहार उलटा केला, की चित्राचा आवाज होतो. चित्रातली प्रत्येक आडवी ओळ एकेका शुद्ध स्वराला द्यायची. जिथे ठिपका उजळ, तिथे तो स्वर मोठ्याने वाजवायचा. एरिक वेंगरचं ‘मेटासिंथ’ हे मॅकिंटॉशवरचं सॉफ्टवेअर हेच काम करतं. चेहरा ओळखू यायला वारंवारतेची मोजपट्टी मात्र लॉगॅरिदमिक, म्हणजे सप्तकागणिक समान अंतराची ठेवावी लागते. साध्या पट्टीवर तो विद्रूप होतो. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग छाटला जातो, त्यामुळे तिथवर पोचलेल्या चित्राचा माथाच उडतो.

चेहरा एवढा कर्कश का? नाक, ओठ, दात यांच्या रेघा तंबोऱ्यासारख्या दुपटी-तिपटीच्या हिशेबात बसत नाहीत. एकमेकांशी नातं नसलेले असंख्य स्वर एकदम वाजतात.

पुढे ‘व्हेनेशियन स्नेअर्स’ या नावाच्या संगीतकाराने २००१ मध्ये आपल्या मांजरांची छायाचित्रं अशीच आवाजात पेरली. २०१६ च्या ‘डूम’ या खेळाच्या संगीतात मिक गॉर्डनने पंचकोनी तारा लपवला. गंमत खरी, पण इथे डोळ्याचं भलं होतं आणि कानाला किंमत मोजावी लागते.

म्हणूनच मला येवगेनी मुर्झिन या रशियन अभियंत्याचं काम फार मोठं वाटतं. १९५० च्या दशकात त्याने मॉस्कोत ‘एएनएस’ हे यंत्र घडवलं. अलेक्झांडर निकोलायेविच स्क्रियाबिन या संगीतकाराची ती आद्याक्षरं. काळा लेप दिलेल्या काचेवर संगीतकार ओरखडे काढी, त्यांतून प्रकाश आरपार जाई आणि ७२० शुद्ध स्वरांपैकी हवे ते वाजत. इथे चित्र लपवायचं नव्हतंच. ओरखडा ऐकायचा, पटला नाही तर लेप सारवून पुन्हा काढायचा. एदुआर्द आर्तेम्येवने तार्कोव्हस्कीच्या ‘सोलारिस’ या चित्रपटाच्या (१९७२) संगीतासाठी हेच यंत्र वापरलं.