पाय नव्हे, पेडल आडवे येते!

बुलढाण्याहून मलकापूरचे रेल्वे स्टेशन गाठायचे तर राजूर घाट उतरावा लागतो. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही. कोर्ट असो, कलेक्टर कचेरी असो की दवाखाना, सामान्य माणसाचा भरवसा एसटीवर. पण पोलिओने पाय अधू झालेल्या माणसासाठी एसटीची पायरी हाच पहिला घाट असतो. तो घरची जुनी मारुती चालवतो म्हणाला, की घरचेच विचारतात, ‘अरे, तुला क्लच कसा दाबता येईल?’

प्रश्न रास्त वाटतो, पण तो उलटा आहे. क्लच पायानेच दाबला पाहिजे, हे कोणी ठरवले?

साध्या गिअरच्या गाडीत तीन पेडल असतात. डावा पाय क्लचवर, उजवा पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर. डावा पाय अधू असेल तर क्लचचे काम गिअरच्या दांड्यावरील बटणाकडे देता येते. बटण दाबले की मोटर किंवा इंजिनातील व्हॅक्यूम क्लच ओढून धरतो. उजवा पाय अधू असेल तर अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे घेतात आणि क्लच हातावर आणतात. दोन्ही पाय चालत नसतील तर स्टिअरिंगजवळ एक दांडा बसवतात. तो पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. मूळ पेडल तशीच ठेवता येतात, म्हणून घरातील दुसऱ्यालाही तीच गाडी चालवता येते. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. बदलते ती फक्त आज्ञा देण्याची जागा.

घाटात गाडी अर्ध्या क्लचवर धरणे हाताला शिकावे लागते, हे खरे. पण पायालाही ते शिकावेच लागले होते! तत्कालीन अहमदनगरमध्ये राहिलेल्या दीपा मलिक यांचे छातीखालचे शरीर १९९९ पासून लुळे आहे. त्यांनी हाताने चालणाऱ्या गाडीतून २००९ ची ‘रेड दी हिमालय’ शर्यत केली आणि २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. हिमालय चालतो, मग राजूर घाट का चालू नये?

कायदा आडवा येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हटले होते. म्हणजे माणूसच निकामी! २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द गेला आणि ‘अडॅप्टेड व्हेइकल’, म्हणजे माणसाच्या सोयीने बदललेली गाडी, असा शब्द आला. अशा गाडीपुरता परवाना देण्याची तरतूद आहे. कलम ५२ प्रमाणे बदलाला आरटीओची मंजुरी घ्यायची आणि आरसी बुकावर नोंद करायची. सायकलची केबल जोडून केलेला जुगाड मात्र नको. ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेला संचच बसवला पाहिजे.

मग अडते कुठे? खर्चात आणि शिकण्यात. वाहनचाचणी बदललेल्या गाडीवरच द्यायची. म्हणजे आधी गाडी घ्या, तिच्यावर खर्च करा, नंतर परवाना मिळतो का ते पाहा! आपल्या तालुक्यातील किती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाताने क्लच दाबायची गाडी आहे, हे वाचकांनीच जाऊन विचारावे. ज्याच्याकडे पैसा आहे तो पुण्या-मुंबईहून संच बसवून आणील. संग्रामपूरच्या शेतमजुराच्या मुलाने काय करावे?

इथेच सरकारची जबाबदारी सुरू होते. संविधानाच्या ४१ व्या कलमात काम, शिक्षण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य यांविषयीचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. योगायोग पाहा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचेही कलम ४१ च! त्यात परवडणाऱ्या खर्चात हिंडण्या-फिरण्यासाठी योजना करा आणि त्यात वाहनांत बदल करून देणे धरा, असे सरकारला स्पष्ट सांगितले आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे आहेत. त्या पैशातून संचासाठी अनुदान का देऊ नये? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवतात. हे संच बसवणे त्या मुलांना का शिकवू नये? जिल्ह्यासाठी हातक्लचची एक गाडी शिकण्याला आणि चाचणीला ठेवली, तर ‘आधी गाडी की आधी परवाना’ हा फेरा एका दिवसात तुटेल.

अपंगाला दिव्यांग म्हटल्याने क्लच हातात येत नाही. तीनचाकी सायकल वाटून फोटो काढला म्हणजे हक्क मिळाला असेही नाही. ग्रामसभेत उठून ५ टक्के निधीचा हिशेब मागा, आरटीओकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. माणसाने यंत्रासमोर हात जोडायचे नसतात, यंत्र माणसाच्या हाताशी आणायचे असते. एमएच-२८ ची पाटी लावलेली अशी एक गाडी राजूर घाट चढून कलेक्टर कचेरीसमोर उभी राहील, तेव्हा तिच्या स्टिअरिंगवरचा माणूस दया मागायला आलेला नसेल. तो आपल्या कामाला आलेला असेल.