वल्हे मोडले तरी किनारा गाठता येतो

कोकणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या बरोबरीने आजही लहान होड्या वल्ह्यांच्या बळावर पाण्यात उतरतात. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. म्हणजेच समुद्र सर्वांत खवळलेला असतो, त्या दिवसांत किनाऱ्यालगत दिसणाऱ्या होडीचा सारा भरवसा एका लाकडी वल्ह्यावर असतो. ते वल्हेच मोडले तर काय करावे, हे प्रत्येक खलाशाला ठाऊक असणे आवश्यक आहे. वल्हे मोडल्याने होडी बुडत नाही. घाबरून केलेल्या घाईने मात्र ती उलटू शकते.

पहिली काही मिनिटे

वल्हे थांबले की होडी लाटांना आडवी होऊ लागते आणि आडव्या होडीला लाट सहज उलथवते. म्हणून पहिले काम किनारा गाठण्याचे नसून होडीची नाळ लाटांकडे वळवून ठेवण्याचे होय. सर्वांनी तळाशी बसावे आणि जीवरक्षक जाकीट घातले नसल्यास ताबडतोब घालावे.

पाणी उथळ असल्यास नांगर टाकावा. दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडावा; त्यामुळे ओढ आडवी बसून नांगर तळात रुततो. पाणी खोल असल्यास बादली, टोपली किंवा जाळ्याची मोळी लांब दोराने नाळेला बांधून पाण्यात सोडावी. हा तरंगता नांगर होडीला थांबवत नाही. परंतु तिचे वाहणे मंदावतो व नाळ लाटांसमोर धरून ठेवतो. मिळालेल्या या उसंतीत मोडक्या वल्ह्याचा तुकडा किंवा तळाची फळी वल्हे म्हणून वापरण्यास तयार करावी.

होडी सोडून पोहत निघण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. लाटांमध्ये पोहणाऱ्याचे डोके दुरून दिसत नाही, होडी दिसते. लाकडी होडी उलटली तरी बहुधा तरंगत राहते व आधार देते.

वारा आणि पाण्याचा रोख

यानंतर होडी कोणीकडे वाहत आहे ते पाहावे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा होडीला किनाऱ्याकडे ढकलतो. तेथे मुख्य धोका खडकांवर आदळण्याचा असतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात व होडी खोल समुद्राकडे जाऊ लागते. अशा वेळी नांगर धरून राहिल्यास दुपारी सुटणारे खारे वारे तिला पुन्हा किनाऱ्याकडे आणण्यास साहाय्य करतात.

खाडीच्या मुखाशी विशेष सावध राहावे. बाहेर पडणारे ओहोटीचे पाणी आणि समोरून येणाऱ्या लाटा यांची गाठ पडली की लाटा उभ्या चढतात व वाळूच्या दांड्यावर फुटतात. ओहोटी चालू असता आत शिरण्याचा प्रयत्न न करता बाहेरच नांगरावर थांबावे. भरती-ओहोटीचे पाणी साधारणतः सहा तासांनी पालटते. भरती लागली की तेच पाणी होडीला आत नेते.

फुटणाऱ्या लाटांतून

किनाऱ्याला लागण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. लाटा भूशिराभोवती वळतात व त्यांचा जोर तेथे एकवटतो. त्यामानाने भूशिराच्या आडोशाला असलेल्या पुळणीवर त्या सौम्य असतात. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. फेसाच्या त्या पट्ट्याबाहेर थांबून लाटांचे निरीक्षण करावे. मोठ्या लाटा बहुधा गटाने येतात. त्यांतील शेवटची पुढे गेली की तिच्या पाठोपाठ निघावे. या वेळी तरंगता नांगर नाळेवरून सोडून होडीच्या मागच्या टोकाला बांधावा; त्याच्या ओढीमुळे होडी आडवी फिरत नाही. होडी उलटलीच, तर ती आपल्या व किनाऱ्याच्या मध्ये राहील अशा रीतीने तिच्या समुद्राकडील बाजूस धरून राहावे. किनाऱ्याकडील बाजूस असलेल्या माणसावर लाट होडीच फेकते.

मदतीची हाक

स्वतःचे प्रयत्न चालू असतानाच मदत मागावी. त्यात कमीपणा नाही. १९७८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय तटरक्षक दलाचा शोध व बचाव कार्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५५४, तर सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा क्रमांक १०९३ आहे. बिनतारी संच असल्यास १६ क्रमांकाच्या वाहिनीवर हाक द्यावी. काहीच साधन नसल्यास दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करावेत. ही संकटाची आंतरराष्ट्रीय खूण आहे.

तयारी किनाऱ्यावरच

एक जादा वल्हे होडीला बांधलेले, पुरेशा दोरासह नांगर, दोर लावलेली बादली, प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, शिट्टी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला मोबाईल, एवढी सामग्री लहानात लहान होडीतही मावते. निघण्यापूर्वी हवामानाचा इशारा ऐकावा आणि कोठे जातो व केव्हा परतणार, हे घरी सांगून ठेवावे. ठरल्या वेळी होडी परतली नाही, तर शोध कोठून सुरू करायचा हे किनाऱ्यावरच्या माणसांना त्यामुळेच कळते.